मिस सॅलीचं स्वागत

"‘पाळण्यासारखी डुलणारी’च्या पुढे स्वल्पविराम देऊ की उद्गारचिन्ह?" मी विचारलं.

"सवलत फुकटात मिळतेय ना? मग दोन्ही दे," चीफ म्हणाला आणि त्याने माझ्या बशीतलं उरलेलं बिस्किट उचललं.

चीफ म्हणजे अन्वर मुकादम. जन्मभर मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होता. निवृत्त झाला, दाढी पांढरी झाली, पण हाक तीच राहिली. आम्ही दोघं माझगावला आमच्या मंडळाच्या कचेरीत बसलो होतो. मंडळ होतं जहाजांचे आराखडे करणाऱ्यांचं आणि जहाजांची इंजिनं चालवणाऱ्यांचं. मी पहिल्या जातीतला, चीफ दुसऱ्यातला. "तुम्ही कागदावर बोटी तरंगवता, आम्ही पाण्यात," हे तो आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा.

मंडळाचं एक आठ पानी मासिक होतं, ‘मंडळवार्ता’. त्याचा संपादक मी होतो, कारण ज्या सभेत संपादक निवडला त्या सभेला मी गैरहजर होतो. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, मध्ये कुठल्या गोदीत कुठलं जहाज उतरलं त्याच्या बातम्या, आणि शेवटच्या पानावर ‘सदस्यांसाठी’. या पानावर चष्म्याच्या दुकानातली सूट, वाचनालयाच्या वेळा, विश्रामगृहाचं आरक्षण असलं सगळं यायचं. लोक अंक उलटा धरून तिथूनच वाचायला सुरुवात करत. त्या महिन्यात तिथे एक मोठी बातमी होती. नंदूशेठ कुडतरकरांनी त्यांच्या ‘जलसखी’ या प्रवासी लाँचवर मंडळाच्या सदस्यांना वर्षभर अर्धं तिकीट देऊ केलं होतं. शिवाय येत्या रविवारी सगळ्या सदस्यांना सहकुटुंब फुकट सहल. मजकूर शेठच्या कचेरीतून आला होता: ‘लाटांवर पाळण्यासारखी डुलणारी, चहाचा थेंबही न सांडणारी जलसखी’.

मी पेन्सिल खाली ठेवली.

"चीफ, तू मागच्या आठवड्यात या बोटीवर गेला होतास ना? खरंच अशी डुलते?"

"अरे, काय सांगू तुला! एका बाजूला कलली की निवांत राहते. मग काहीतरी आठवल्यासारखी सावकाश परत येते. वरच्या डेकवर बसलो होतो, मला झोपच लागली."

"वरच्या डेकवर?"

"हो. वर छप्पर आहे, खुर्च्या आहेत, वड्याचं कँटीन आहे, पाण्याची टाकी आहे. ऐट आहे बोटीची."

मी उठून कपाटातून जुने अंक काढले. दोन वर्षांपूर्वी ‘जलसखी’ पाण्यात उतरली तेव्हाची बातमी मीच छापली होती. सोबत फोटो होता. फोटोतल्या बोटीला वरचा डेक नव्हता.

चीफ फोटोकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. "नंतर चढवला असेल," तो म्हणाला, आणि बिस्किट खायचं थांबला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मी नेहमीच अडखळतो. समजावून सांगणं हा माझा प्रांत नव्हे. साधारण माणसाला वाटतं, झटके देत डुलणारी बोट वाईट आणि हळूहळू डुलणारी चांगली. खरं पुष्कळदा उलटं असतं. जी बोट कलल्यावर पटकन उभी राहते तिच्यात जोर असतो. वजन वर चढवत गेलं की तो जोर कमी होत जातो, बोट मऊ होते, सुखद होते. बसणाऱ्याला झोप येते. आणि एक दिवस सगळे प्रवासी काहीतरी बघायला एका बाजूला जातात, बोट कलते, आणि परत येतच नाही.

पण मी ती बोट पाहिलेलीही नव्हती. माझ्याजवळ होतं एक विशेषण, एक जुना फोटो आणि चीफची झोप.

*

अध्यक्ष दळवीसाहेबांकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. दळवीसाहेब मोठे माणूस. एका गोदीचे मुख्य आरेखक होते, उंच, आवाज भारदस्त. अर्ध्या तिकिटाची सवलत त्यांनी मिळवलेली होती आणि पुढच्या महिन्यात मंडळाची निवडणूक होती.

मी जिना चढताना तीन वाक्यं पाठ केली होती. खोलीत शिरल्यावर त्यातलं मधलंच आठवलं.

"टिपणीस, बसा तर खरे," ते म्हणाले. "काय म्हणता, बोट हळू डुलते? अहो, मग बरंच आहे की. बायकांना उलट्या होणार नाहीत."

"साहेब, हे तुम्हाला मी काय सांगावं. तुम्ही स्वतः..."

त्यांना कळलं होतं. ते माझ्याहून मोठे आरेखक होते, न कळायला काय झालं?

"परवान्याचे कागद आहेत नंदूशेठकडे," ते म्हणाले.

"वरचा डेक चढवल्यानंतरचे?"

"ते प्रक्रियेत आहेत."

"मग तोपर्यंत..."

"तोपर्यंत काय? एका विशेषणावरून सहल रद्द करू? शंभरावर माणसं येणार आहेत. नंदूशेठ काय म्हणतील? टिपणीस, रागावू नका, पण तुम्हाला स्वतःच्या सहीवरसुद्धा संशय येतो. तुम्ही बेरीज तीनदा करता."

"चारदा," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. खरं होतं म्हणून असेल.

ते हसले, उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला दारापर्यंत सोडायला आले. मोठ्या माणसांची ही एक पद्धत असते. दारात पोहोचल्यावर लक्षात येतं की आपण निघालो आहोत.

घरी कुंदाने, म्हणजे बायकोने, माझा चेहरा बघूनच विचारलं, "नाही म्हणाले ना?"

"हसले."

"तुम्हाला खात्री आहे का पण, बोटीत खोट आहे याची?"

"नाही."

"बरं, बोट चांगली आहे याची तरी खात्री आहे?"

"तीही नाही."

"अहो, मग मी रविवारचा डबा करू की नको, तेवढं तरी सांगा."

मी खूप वेळ विचार केला. "कर," मी म्हणालो. "पण मी सांगेपर्यंत बोटीत पाय ठेवू नकोस. तू नाही, शेजारच्या मंगलवहिनी नाहीत, कुणीच नाही."

"म्हणजे सगळ्या बायकांना धक्क्यावर मी अडवून धरायचं? आणि काय सांगू त्यांना?"

"काहीही सांग. सांगण्यात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस."

"त्यात काय मोठंसं," ती म्हणाली आणि विळीवर बसली. पण मग पुन्हा वळून बघितलं तिने. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मी तिला काही करायला सांगितलं असं क्वचितच घडलं होतं.

*

सभेत उठून बोलणं मला जमणारं नव्हतं. एकदा वार्षिक सभेत प्रश्न विचारायला उभा राहिलो होतो आणि प्रश्नच विसरलो. ‘उपाहारगृह कुठे आहे?’ असं काहीतरी विचारून खाली बसलो. लोक मनमुराद हसले. पण शेवटचं पान माझ्या हातात होतं. त्या पानावर दळवीसाहेब कधी नजर टाकत नसत. पहिल्या पानावरचा फोटो नीट आला की त्यांचं वाचन संपायचं.

मी सहलीच्या सूचनेच्या खाली एक ओळ वाढवली: ‘बोट सुटण्यापूर्वी धक्क्यावरच सॅली होईल. इच्छुक सदस्यांनी कृपया लवकर यावे. रबरी तळाचे बूट आणावेत.’

सॅली हा आमच्या धंद्यातला जुना शब्द. जहाज गाळात किंवा बर्फात अडकलं की सगळे खलाशी ताल धरून डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळत आणि जहाज हलवून सोडवत. तीच युक्ती आम्ही दुसऱ्या कामाला वापरतो. माणसं पळवून बोट डुलवायची, मग सगळ्यांनी एकदम मधोमध थांबायचं आणि बोट एक पूर्ण झोका घेऊन परत यायला किती वेळ घेते ते मोजायचं. ढोबळ आडाखा असा की बोट जितके मीटर रुंद, तितक्या सेकंदांच्या आत तिने परत आलं पाहिजे. ‘जलसखी’ सात मीटर रुंद होती. एवढं गणित बरोबर असेल असं मला वाटत होतं. तरी मी ते चारदा केलं.

"सॅली?" चीफने छापून आलेला अंक वाचला आणि एवढ्या मोठ्याने हसला की खालच्या मजल्यावरचा टायपिस्ट वर बघायला आला. "अरे टिपणीस, तुझ्यात हे होतं कुठे?"

"ओरडायचं काम तुझं," मी म्हणालो. "मी मोजेन."

"आणि बोट चांगली निघाली तर?"

"तर लोक हसतील. मग सहलीला जाऊ."

"आणि वाईट निघाली तर?"

त्याचं उत्तर मी शोधलेलं नव्हतं.

*

रविवारी सकाळी धक्क्यावर पोहोचलो आणि जागीच थांबलो. ‘जलसखी’ उभी होती, पांढरीशुभ्र, वर खरोखरच दुसरा डेक, त्यावर छप्पर, पताका. आणि दोन खांबांच्या मध्ये एक मोठं कापड बांधलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘मिस सॅली यांचे हार्दिक स्वागत’.

त्या कापडाखाली नंदूशेठ उभे होते. सफारी, हातात निशिगंधाचा गुच्छ, बाजूला माइक.

"या, या! साहेब, बाई कुठे आहेत?" त्यांनी मला विचारलं. "तुमच्या अंकात वाचलं, म्हटलं व्यवस्था चोख हवी. हिंदी गातात की मराठी? पेटीवाला पण बोलावून ठेवलाय मी."

चीफ मागून आला आणि त्याने शेठच्या खांद्यावर हात टाकला. "येतेय शेठ, येतेय. बोट जरा हलली की आपोआप येते ती."

"बुजरी आहे का?"

"फार. टिपणीसांची नातेवाईकच समजा."

एव्हाना सदस्य जमले होते आणि कापड वाचून पोट धरून हसत होते. सगळे रबरी तळाचे बूट घालून आले होते. मला तेवढ्यानेच धीर आला. त्यांनी ओळ वाचली होती, आणि कुणी मला फोन करून ‘हे काय?’ असं विचारलं नव्हतं.

दळवीसाहेब मात्र कापडाकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे चालत आले. "हे तुम्ही केलंत?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हो."

"मला न विचारता?"

"तुम्हाला विचारलं होतं, साहेब."

मागे धक्क्यावर कुंदा सगळ्या बायकांना सावलीत घेऊन बसली होती आणि कुणाला तरी भरजरी पदराचा इतिहास सांगत होती. एकही बाई उठलेली नव्हती.

मी फक्त वीस जणांना बोटीत घेतलं, तेही खालच्या डेकवर. "वर कुणी नको," मी म्हणालो. शेठचा एक माणूस वर कँटीनमध्ये स्टोव्ह पेटवत होता, त्यालाही खाली बोलावलं. शेठना वाटलं बाईंसाठी जागा करतोय. दळवीसाहेबही बोटीत आले आणि कठड्याशी हात मागे बांधून उभे राहिले.

"तयार!" चीफ ओरडला. इंजिनरूममध्ये चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाचा आवाज तो. पेटीवाला दचकला. "डावीकडे... चल! उजवीकडे... चल!"

साठी ओलांडलेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी पळू लागली. कुणाची टोपी पडली, कुणी कुणाच्या पायावर पाय दिला. "अरे, पोट सांभाळ, तुझ्या एकट्यामुळेच कलेल!" "तुझ्या आराखड्यातली बोट असती तर एव्हाना बुडली असती!" बोट हलू लागली. चीफने हात वर केला, सगळे मधोमध येऊन थांबले. मी घड्याळाकडे बघत मोजलं.

सहा. सहाच्या आतच ती परत आली होती, चक्क हिसका देऊन.

टाळ्या पडल्या. शेठनीही टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते न कळता. दळवीसाहेबांनी सुस्कारा सोडला आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "झालं समाधान, टिपणीस?" ते मोकळेपणी म्हणाले. "चला, बायकांना बोलवा. ऊन वाढतंय."

आणि खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. सहा म्हणजे उत्तम. मी चुकलो होतो, म्हणजे नेहमीसारखंच, आणि चुकण्यात मला एक प्रकारची सवयीची ऊब असते. लोक माझी पाठ थोपटत होते. "मजा आली बुवा! दरवर्षी ठेवा ही सॅली." कुंदाने लांबून हात वर करून विचारलं, येऊ का?

मी हात वर करणार होतो. पण तो हिसका माझ्या पायांना पटत नव्हता. चीफने सांगितलेली बोट निवांत राहते, आठवल्यासारखी परत येते. ही तर दावणीला बांधलेल्या, हिसडा बसलेल्या वासरासारखी परत आली होती.

दावणीला.

मी पुढच्या टोकाकडे गेलो. धक्क्याला बांधलेला दोर सतारीच्या तारेसारखा ताणलेला होता. मागचाही. पाहुणे येणार म्हणून शेठच्या माणसांनी बोट धक्क्याला घट्ट आवळून बांधली होती. बोट स्वतःच्या जोराने उभी राहिलीच नव्हती, दोरांनी तिला ओढून आणलं होतं. आम्ही वीस जण, सगळ्यांचं आयुष्य जहाजांत गेलेलं, आणि दोर सैल करायचे असतात हे एकालाही सुचलं नव्हतं. हसण्याच्या भरात मलाही नाही.

"पुन्हा," मी म्हणालो.

कुणी ऐकलं नाही. लोक उतरायच्या फळीकडे निघाले होते.

"पुन्हा करायचं!" या वेळी आवाज जरा चिरका निघाला, पण निघाला. "दोर आवळलेत. ते सोडा. सैल सोडा."

"टिपणीस, आता पुरे," दळवीसाहेब म्हणाले.

"नाही साहेब, पुरे नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो, म्हणून दोराकडे बघत राहिलो. मग तेही दोराकडे बघायला लागले. थोड्या वेळाने ते स्वतः पुढे गेले आणि धक्क्यावरच्या माणसाला म्हणाले, "सैल कर. दोन्ही. अजून. पाण्याला टेकू दे."

दोर पाण्यात लोंबू लागले. या वेळी कुणी चेष्टा करत नव्हतं. चीफने आवाज दिला, माणसं पळाली, तीन-चार फेऱ्यांतच बोट अशी कलू लागली की त्याने घाईने हात वर केला. सगळे मधोमध एकमेकांना धरून उभे राहिले. बोट उजवीकडे झुकली. मी घड्याळ डोळ्यांसमोर धरलं.

"एक," मी म्हणालो, आणि आपोआप सगळेच माझ्याबरोबर मोजू लागले. "दोन. तीन. चार." दमदार आवाज, पाढे म्हणतात तसे. बोट सरळ होऊन डावीकडे निघाली होती. सावकाश, फार सावकाश. "पाच. सहा. सात."

सातला काही आवाज थांबले. सगळ्यांना तो आडाखा पाठ होता.

"आठ." अजून काही गेले. बोट डावीकडे कलून तशीच राहिली होती. कँटीनमधलं एक भांडं घरंगळत कठड्याला लागलं. "नऊ." आता चीफचा आवाज होता, दळवीसाहेबांचा होता, आणि माझा. "दहा." चीफ थांबला. मी कडेला पाण्याकडे पाहिलं, ते जवळ वाटत होतं. "अकरा." दळवीसाहेबांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"बारा," मी एकट्याने म्हणालो. धक्क्यावर सगळं शांत होतं, त्यामुळे आवाज फार लांबवर गेला असावा. "तेरा."

तेराला ती परत आली.

मोजायचं तीनदा असतं. दुसऱ्यांदा मोजा असं कुणी म्हणालं नाही.

"काय झालं?" नंदूशेठ धक्क्यावरून विचारत होते. गुच्छ अजून त्यांच्या हातात होता. "थांबलात का? बाई आल्या का?"

"शेठ," दळवीसाहेब म्हणाले, "सहल रद्द. ही बोट चालवू नका."

"म्हणजे? अहो, मस्त डुलली की! मी बघितलं ना."

"तीच अडचण आहे. वरचं सगळं उतरवावं लागेल. त्याशिवाय माणसं घेऊन जाऊ नका."

शेठचा चेहरा हळूहळू बदलला. गुच्छ त्यांनी पेटीवाल्याच्या हातात दिला. "तुम्हाला यायचं नसेल तर नका येऊ, साहेब. फुकट न्यायचं होतं मला, जबरदस्ती नाही. पण माझा धंदा कसा करायचा ते मला शिकवू नका. तीन वाजता वऱ्हाड आहे माझं, पलीकडच्या किनाऱ्यावर जायचंय. पैसे घेतलेत मी. तुम्ही उतरा, माझी बोट मोकळी करा."

"वऱ्हाड किती माणसांचं?" मी विचारलं.

"दोनशे! आणि सगळी वर बसणार, वाजतगाजत. करा काय करायचं ते."

फळी खाली लावलेली होती. सदस्य तिच्याकडे बघत होते. उतरलो की आमचं काम संपणार होतं. प्रत्येकाची बायको, नातवंडं धक्क्यावर सुखरूप होती. आणि मला एकदम, कसं ते सांगता येत नाही, पण उत्तर समोर दिसलं. आम्ही उतरलो की बोट मोकळी होते.

मी तिथेच, खालच्या डेकच्या मधोमध, खाली बसलो.

"अहो टिपणीससाहेब, काय करताय?" शेठ ओरडले.

"बसलोय."

"उतरा म्हटलं ना!"

"नाही उतरत," मी म्हणालो. "दोर पुन्हा बांधून घ्या. आम्ही इथेच आहोत."

पुढचा क्षण फार लांब गेला. एकटा माणूस डेकवर मांडी घालून बसलेला किती वेडा दिसतो हे त्या क्षणात मला नीट समजलं. मग कुणीतरी माझ्या शेजारी बूट काढून ठेवले. दळवीसाहेब. एवढा उंच माणूस, खाली बसायला त्यांना दोन वेळा कठडा धरावा लागला.

"साहेब, तुम्हीसुद्धा?" शेठ म्हणाले. "अध्यक्ष ना तुम्ही?"

"ते या वर्षापुरतं हो, शेठ. बोटींचं काम त्याआधीपासून करतो."

मग चीफ बसला, "सरक रे," म्हणत, आणि मग सगळेच. धक्क्यावरचे उरलेले सदस्यही येऊन खाली बसले. "मधे बसा, मधे," मी सांगत होतो, "कडेला नको," आणि नवल म्हणजे लोक सरकत होते. चीफ थोड्या वेळाने उठून बोटी तपासणाऱ्या बंदराच्या सर्वेक्षकांना शोधायला गेला. रविवार होता, साहेब घरी जेवत असणार. "ताटावरून उठवून आणतो," तो म्हणाला आणि गेला.

कुंदाने काही विचारलं नाही. तिने बायकांकडून डबे गोळा केले आणि कठड्यावरून आत द्यायला सुरुवात केली. दुपारभर आम्ही धक्क्याला बांधलेल्या बोटीत बसून वडे, दहीभात, कोशिंबीर खाल्ली. शेठ कधी पोलिसांचं नाव काढत होते, कधी हात जोडत होते. शेवटी तेही थकून धक्क्यावरच्या खांबाला टेकून बसले. कुंदाने त्यांनाही एक ताट दिलं. त्यांनी घेतलं.

तीनच्या सुमाराला वऱ्हाड आलं. ताशे, सनई, मुंडावळ्या बांधलेला मुलगा. मुलाचे मामा बोटीत शिरले आणि आम्हाला बघून थक्क झाले.

"ही कसली म्हाताऱ्यांची जत्रा? उठा! मुहूर्त आहे आमचा!"

कुणीतरी उत्तर देईल म्हणून मी वाट पाहिली. सगळे माझ्याकडे बघत होते.

"या बोटीने जाऊ नका," मी म्हणालो. "ही परत येणार नाही."

"तुमच्या जिभेला काही हाड? शुभकार्याला निघालोय आम्ही!" मामा लालबुंद झाले. मग त्यांनी मला, माझ्या वयाला, माझ्या सात पिढ्यांना जे काही सुनावलं ते मी कुठल्याही अंकात छापू शकलो नसतो. मी बसून ऐकत होतो. उठलो नाही. तेवढ्यात चीफ सर्वेक्षक साहेबांना घेऊन आला, त्यांच्या शर्टावर आमटीचा डाग होता. त्यांनी कागद मागितले. शेठनी खिसे चाचपले, मग मान खाली घातली.

वऱ्हाडासाठी दोन तऱ्हांच्या, दोन वेगवेगळ्या मालकांच्या जुन्या लाँच कशाबशा मिळाल्या. खुर्च्या नव्हत्या, छप्पर नव्हतं, एकीच्या तळाशी मासळीचा वास होता. दोनशे माणसं शिव्या देत, शालू सावरत, दाटीवाटीने त्यांत बसली. लाँच धक्क्यापासून सुटल्या आणि खडबडून, झटके देत, लाटांवरून आदळत निघाल्या. किती कुरूप चालत होत्या त्या! किती पटपट उभ्या राहत होत्या!

आम्ही सगळे कठड्याशी येऊन बघत होतो. मागच्या लाँचच्या अगदी कडेला नवरदेवाची धाकटी बहीण बसली होती, करवली, सात-आठ वर्षांची, हातात कलश. नवा परकर भिजला होता. खुर्चीवर बसून, ताशाच्या तालावर, पांढऱ्याशुभ्र बोटीतून जायचं तिचं सगळं आम्ही बिघडवलं होतं. तिने आमच्याकडे बघितलं, नेमकं माझ्याकडेच, आणि जीभ काढून दाखवली.

शेजारी दळवीसाहेब होते, सर्वेक्षक होते, चारचौघं होते. मी वाकलो, आणि जेवढी निघेल तेवढी जीभ काढून तिला दाखवली. लाँच लांब जाईपर्यंत आम्ही दोघांनीही ती आत घेतली नाही.